पहिली हाफ मॅरेथॉन भरवताय? आधी आठवडी बाजाराचा वार विचारा

प्रश्न असा आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चाळीसेक जणांचा धावण्याचा ग्रुप आहे. दोन-तीन वर्षं सगळे नागपूर-अमरावतीला जाऊन शर्यती धावून आले, आता आपल्याच गावात एकवीस किलोमीटरची शर्यत घ्यायची म्हणतात. तीनशेच्या आसपास लोक येतील असा अंदाज आहे. सुरुवात कुठून करायची, पैसा कशावर घालायचा आणि हमखास काय चुकतं, तेवढं सांगा म्हणतात.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा. आमच्या क्लबानं आतापर्यंत सहा शर्यती घेतल्या. पहिली फसली, दुसरी कशीबशी निभावली, तिसरीपासून जमायला लागलं. रस्ता मोजणं आणि पाण्याची टेबलं ही दोन कामं पहिल्यापासून माझ्याकडे आहेत, त्यामुळे त्यावर जरा जास्तच बोलेन. तेवढं चालवून घ्या.

सुरुवात तारखेपासून करा. आपल्याकडे मध्य डिसेंबर ते जानेवारीअखेर हाच खरा हंगाम. पहाटे पारा दहा-बाराच्या घरात असतो, कधी त्याच्याही खाली जातो. फेब्रुवारी अर्धा सरला की नऊ वाजताच ऊन चटके द्यायला लागतं. पण हवामान पाहून रविवार पक्का करण्याआधी मार्गावरच्या प्रत्येक गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. ज्या गावात वळसा घालून परत फिरायचं, त्या गावचा बाजार नेमका रविवारचा. सात वाजल्यापासून भाजीचे छोटे हत्ती, मागे मिरचीची पोती बांधलेल्या मोटारसायकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, आणि त्यांच्यामधून वाट काढत आमचे धावणारे. एका बाईनं आमच्या पोरींना थांबवूनच विचारलं, "काऊन पयता वं पोरीहो, कोठी आग लागली काय?"

बाजारानंतर लग्नाच्या तिथी बघा, जवळपासची यात्रा बघा, रविवारी कुठली भरतीची परीक्षा नाही ना ते बघा. निवडणुका तोंडावर असतील तर आचारसंहितेत परवानग्या अडकतात. १२ जानेवारी जिजाऊ जयंती. तुमच्यातले निम्मे लोक सिंदखेडराजाला जायला निघालेले असतात आणि पोलिसांचा बंदोबस्तही तिकडेच लागतो. २६ जानेवारी दिसायला छान दिसते, पण त्या सकाळी पोलीस परेडला, मास्तर झेंडावंदनाला आणि पोरं मास्तरांच्या मागे. कोणी सापडत नाही.

वेळ ठरवताना तीन गोष्टी एकमेकांत अडकतात. जानेवारीत आपल्याकडे पावणेसातच्या पुढेच सूर्य दिसतो, पण साडेसहाला रस्ता दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणजे पहाटे पाचला गाणी वाजवून वॉर्मअप घ्यायचा बेत सोडून द्या. तिसरी गोष्ट मुक्कामी एसटी. खेड्यात रात्री मुक्कामाला थांबलेली गाडी सकाळी सहा-सव्वासहाला तालुक्याकडे निघते, तिच्यात दूधवाले, दवाखान्यात जाणारे आणि नागपूरची गाडी पकडणारे बसलेले असतात. ती गाडी अडवली की शर्यत पहिल्या दहा मिनिटांत गावाची वैरीण होते. आगारात जाऊन वेळापत्रक घ्या, आगार व्यवस्थापकांना रीतसर पत्र द्या, आणि ती गाडी निघून गेल्यावरच झेंडा दाखवा. आम्ही साडेसहाला सोडतो. कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, साडेतीन तासांचा. किलोमीटरला साधारण दहा मिनिटं. दहा वाजता रस्ता मोकळा. तीन तासांचाच ठेवा असं काही जण म्हणतील, पण गावातली पहिल्यांदा धावणारी माणसं त्यात बसत नाहीत, आणि शर्यत त्यांच्यासाठीच घेताय ना?

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. पोलीस ठाणं, तहसील, सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर त्यांचा बांधकाम विभाग, आणि मार्गावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र. वाहतूक वळवायची असेल तर तसा आदेश वरून निघावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली तो निघतो. ठाण्यातून तोंडी "करून घ्या, बघू" असं आलं तर तेवढ्यावर विसंबू नका. अर्ज दोन महिने आधी द्या आणि पोचेची झेरॉक्स फाइलला लावा. क्लब नोंदणीकृत नसेल तर तेही आताच उरकून घ्या. देणगीचा चेक कोणाच्या तरी खाजगी खात्यात टाकायची वेळ आली की पुढच्या वर्षी क्लबचे दोन क्लब होतात.

आता रस्ता. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हे अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजू नका. त्या मीटरमध्ये दोन टक्के फरक सहज असतो, आणि एकवीस किलोमीटरचे दोन टक्के म्हणजे चारशे मीटरच्या वर. मनगटावरच्या जीपीएस घड्याळावर तर मुळीच नको. रस्त्याच्या शर्यती जगभर सायकलवरच मोजतात, आणि ती पद्धत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. सरळ, सपाट रस्त्यावर स्टीलच्या टेपनं ३०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसावर जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसतं. चाक एकदा फिरलं की त्याचे वीसहून जास्त आकडे पुढे सरकतात. त्या ३०० मीटरवर चार वेळा सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं आणि त्याला १.००१ नं गुणायचं. मग सगळा मार्ग मोजायचा. परत आल्यावर त्याच ३०० मीटरवर पुन्हा चार फेऱ्या मारून ताळा करायचा.

हे १.००१ कशाला, असं आमच्या खजिनदारांनी विचारलं होतं. किलोमीटरमागे एक मीटर जादा, म्हणजे हाफला एकवीस मीटर जादा. मोजण्यात कितीही बारीक चूक राहिली तरी मार्ग तोकडा पडू नये, एवढ्यासाठी. लांब मार्गावर कोणाची वेळ दहा सेकंदांनी वाढते, तो कुरकुरतो आणि विसरतो. तोकड्या मार्गावरची कुणाचीच वेळ कुठे धरत नाहीत. परतीचा ताळाही टाळू नका. सकाळी सातला टायर गार असतो, दहाला तो तापून फुगतो. फुगलेल्या चाकाचा घेर मोठा, त्यामुळे तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. आमच्याकडे तर सकाळ आणि दहा वाजताच्या हवेत पंधरा अंशांचा फरक पडतो.

मोजताना सायकल रस्त्याच्या मधोमध चालवायची नाही. धावणारा ज्या सर्वांत जवळच्या रेषेनं जाऊ शकतो ती रेषा धरायची. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, आणि एका वळणाकडून दुसऱ्याकडे तिरकं. अर्धा रस्ता ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन लावून वाहनांना सोडणार असाल तर फक्त उरलेल्या अर्ध्यातच तिरकं जायचं. म्हणून कोन कुठे लागणार हे मोजण्याआधी ठरलेलं असावं. आम्ही एका वर्षी मोजल्यावर ठरवलं आणि सगळं पुन्हा मोजलं.

काउंटर मिळाला नाही तर चाकाला रिबीन बांधून फेऱ्या मोजता येतात. दोन मीटरच्या वर घेर धरला तर दहा हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. दोघं मागे मोटारसायकलवर बसून मोजत होते. तीन हजार चारशे की तीन हजार पाचशे यावर नाल्याच्या पुलावर भांडण झालं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागली. दर शंभर फेऱ्यांना खडूची खूण करा, म्हणजे मोजणी चुकली तरी मागच्या खुणेपासून धरता येते.

शर्यतीच्या दिवशी घड्याळवाले येतातच. "काका, तुमचा रस्ता अडीचशे मीटर जास्त भरला." घड्याळ उपग्रहाकडून ठिपके घेऊन जोडतं, माणूस वळणावर बाहेरून जातो, टेबलाकडे तिरका येतो, सगळं मिळून आकडा फुगतो. हे आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटतानाच सांगून टाका.

आपल्या रस्त्यांचं आणखी एक आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर कडेनं लाटेसारखं खालीवर होतं. अंधुक उजेडात तिथेच पाय मुरगळतो. आदल्या रात्री अशा जागांना आणि खड्ड्यांना फक्कीनं गोल करून ठेवा. गहू-हरभऱ्याला बऱ्याच ठिकाणी रात्रीच्याच विजेवर पाणी देतात, आणि तुषारची नळी रस्त्याकडे वळलेली असली तर सकाळी पन्नास मीटर रस्ता ओला आणि ट्रॅक्टरच्या चिखलानं माखलेला मिळतो. शेतकऱ्याला आठवडाभर आधी जाऊन सांगितलं तर तो त्या रात्रीपुरता स्प्रिंकलर आत सरकवतो. डांबरावर वाळत घातलेल्या तुरीचंही तसंच. शर्यतीच्या पहाटे तूर उचलायला सांगाल तर कोणी उचलणार नाही, आणि का उचलावी? आमच्या एका स्वयंसेवकानं परस्पर ढीग बाजूला ओढला, तर आजोबा काठी घेऊन आले. शेवटी आम्ही मार्गच दहा फुटांनी सरकवला आणि सगळ्यांना तुरीच्या पलीकडून काढलं. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांना मात्र त्या दिवशी दहानंतर या असं सांगता येतं. जिनिंगवाल्यांकडून वर्गणी घेतली असेल तर ते स्वतःच सांगतात.

पाण्याचा हिशोब कागदावर करा, अंदाजानं नको. जाऊन-येऊन मार्ग घेतला, म्हणजे साडेदहा किलोमीटर जायचं नि तसंच परत यायचं, तर टेबलं चारच लागतात: अडीच, पाच, साडेसात आणि वळसा. पहिली तीन जाताना-येताना दोन्ही वेळा कामाला येतात. माणशी प्रत्येक वेळी दीडशे मिलिलिटर धरलं तर तीनशे जणांना पहिल्या तीन टेबलांवर नव्वद-नव्वद लिटर आणि वळशावर पंचेचाळीस. आता हे दुप्पट करा. डोक्यावर ओतून घेणारे आहेत, सांडणं आहे, बघायला आलेली गावातली पोरं आहेत, आणि बंदोबस्ताचे पोलीस आहेत. म्हणजे पहिल्या तीन टेबलांवर वीस लिटरचे नऊ-नऊ जार, वळशावर पाच, शेवटच्या रेषेवर आठ. एकूण चाळीस. आम्ही पहिल्या वर्षी चोवीस जार घेतले होते आणि परतीत सोळाव्या किलोमीटरच्या टेबलावर पाणी संपलं. तिथे आलेली शेवटची पंचवीस माणसं सगळ्यात जास्त वेळ उन्हात होती, आणि त्यांनाच रिकामे जार मिळाले. त्यातल्या एका बाईंनी शेजारच्या शेतातल्या विहिरीवर जाऊन पाणी मागितलं. ते दृश्य मी विसरलेलो नाही. आता प्रत्येक टेबलावर दोन जार लाल फडक्यानं बांधून ठेवतो, आणि ते शेवटची पन्नास माणसं येईपर्यंत सोडायचे नाहीत असा नियम आहे.

टेबल कधी मांडलेलं असावं याचाही हिशोब असतो. पहिला येणारा पोरगा बहात्तर-पंचाहत्तर मिनिटांत एकवीस संपवतो, म्हणजे साडेसहाला सुटून सात-पाचच्या सुमारास वळशावर पोचतो. शेवटचा तिथे सव्वाआठला. वळशावरच्या लोकांनी पावणेसातला हजर असायचं आणि साडेआठपर्यंत हलायचं नाही. पहिले वीस जण गेले की टेबलावरच्या पोरांना वाटतं झालं, आणि ती मोबाइल काढून फोटो टाकत बसतात. म्हणून टेबलं महिला बचत गटांकडे द्या. पंगतीत वाढायची सवय असलेल्या बायांना कोणाला मिळालं, कोणाला नाही, हे सांगावं लागत नाही. गटाला त्याचे ठरवून पैसे द्या, नुसता सत्काराचा नारळ नको.

कागदी कपांऐवजी आम्ही स्टीलचे ग्लास वापरतो. टेबलामागे शंभर ग्लास, धुवायला दोन घमेली, आणि पाणी बदलायला एक माणूस. वेळेसाठी धावणारे पहिले पंधरा-वीस जण थांबत नाहीत, त्यांच्यापुरते कागदी कप ठेवा आणि ते अर्धेच भरा. पळताना भरलेल्या कपातलं पाणी नाकात जातं. बाकीचे थांबतात, दोन घोट पितात, "कोण्या गावचे जी तुम्ही?" ऐकतात, पुढे जातात. शर्यत संपल्यावर रस्त्यावर कपांचा खच दिसत नाही. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्याला लागून राहतो आम्ही, सडक घाण करून घरी जाणं बरं दिसत नाही.

ओआरएसबद्दल एक गोष्ट. औषधाच्या दुकानातलं, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं पाकीट घ्या, ज्यूसचा डबा नको. मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या टेबलावर एका उत्साही पोरानं दहा लिटरच्या बादलीत वीस पाकिटं टाकली, "कडक केलं काका, ताकद येईन." कडक ओआरएसनं ताकद येत नाही, पोट ढवळतं. आणि पाणीही कोंबून पाजायचं नाही. तीन तासांहून जास्त वेळ हळू धावणाऱ्यानं प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते पाणी कमी पडण्यापेक्षाही घातक ठरू शकतं. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी तेरा टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं होतं. तहान लागेल तसं प्या, एवढंच सांगायचं. डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोलणं असंबद्ध होतंय आणि माणूस भरपूर पाणी प्यायलाय, अशा वेळी आणखी पाणी देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर एकच असेल तर तो शेवटच्या रेषेवर बसवा. बहुतेक माणसं रेषा ओलांडून थांबल्यावर कोसळतात. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, पाय थांबले की ते खालीच साचतं आणि भोवळ येते. अशाला आडवं करून पाय उंच धरले की पाच मिनिटांत उठतो. म्हणूनच रेषेपुढे पन्नास मीटर मोकळी जागा सोडून लोकांना चालतं ठेवा. मेडल रेषेवर न देता त्या पन्नास मीटरच्या टोकाला द्या. रेषेच्या अलीकडे पळतापळता कोसळला तर मात्र प्रकरण गंभीर समजायचं. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस भ्रमिष्टासारखं बोलतोय तर उष्माघात, आणि तो जानेवारीतही होतो. बर्फाची लादी फोडून पाण्याच्या मोठ्या टबात टाकून ठेवा. आधी तिथे गार करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. श्वास नाही, प्रतिसाद नाही, तर छातीवर दाब: मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर खोल. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सगळ्या स्वयंसेवकांना एकदा हे बाहुल्यावर करून घ्या. १०८ ला आधी कळवा, पण ती गाडी तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते, तालुक्यात कुठेही बोलावणं आलं की निघते. एक खाजगी रुग्णवाहिका ठेवाच, आणि ती मार्गावरून कशी जाणार हे चालकाला आदल्या दिवशी दाखवा. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्याचा फोन लिहून घ्यायला विसरू नका.

आता भरतीची पोरं. आपल्याकडे शर्यत म्हटलं की निम्मे धावणारे हेच. रोज पहाटे तालुक्याच्या रस्त्यावर दिसतात ते. पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. सोळाशे मीटर पाच-सव्वापाच मिनिटांत मारायची सवय लागलेली. एकवीसचा झेंडा पडला की तीच चाल धरतात. दोन किलोमीटरपर्यंत नागपूरहून आलेल्या नामांकित धावपटूंच्या पुढे असतात, गावचे लोक टाळ्या वाजवतात, आणि सहाव्या किलोमीटरला पुलाच्या कठड्यावर बसलेले सापडतात. आम्ही त्यांना एकवीसला नाही म्हणत नाही. मात्र पाच किलोमीटरची वेगळी शर्यत ठेवली आणि तिची बक्षिसं बऱ्यापैकी ठेवली, तशी गर्दी तिकडे वळली. ज्यांना एकवीसच हवं त्यांना महिनाभर आधी एका रविवारी आमच्याबरोबर पंधरा धावून दाखवावं लागतं. अनवाणी धावणाऱ्याला अडवू नका. अनवाणी सवय असलेला बुटात आणून घातला की फोड येतात, हे आम्ही वाटलेल्या फुकटच्या बुटांनी शिकलो. धावण्याआधी दुखण्याची गोळी घ्यायची खोड मात्र मोडा. पाणी कमी पडलेल्या अंगात ती गोळी किडनीवर येते.

बक्षिसं पोरापोरींना सारखी ठेवा, आणि रोख रकमा फार मोठ्या ठेवू नका. रक्कम वाढली की मोटारसायकली वाढतात. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी एक जण आठव्या किलोमीटरला मित्राच्या गाडीवर बसला, वळसा न घालताच परतीच्या बाजूला उतरला आणि चौथा आला. घाम नव्हता, हे खजिनदारांच्या लक्षात आलं. तेव्हापासून वळशावर प्रत्येकाच्या मनगटात रंगीत रबर अडकवतो. रंग कोणता ते त्या सकाळीच ठरतं. वेळ नोंदवणारी चिप घेणार असाल तर वळशावरही ती वाचणारी मॅट टाका, नुसती सुरुवात आणि शेवटची नको. चिप बिबच्या मागे चिकटवलेली असते. बिब घडी घालून खिशात ठेवणारे, जर्किनखाली लावणारे यांची वेळ लागत नाही आणि ते भांडायला येतात. हाती वही घेऊन बसलेले दोन शिक्षक मॅटशेजारी असू द्या. तीनशे लोकांना वही पुरते.

पाहुण्यांचं बोलायलाच हवं. पहिल्या वर्षी आम्ही स्टेज घातलं, मंडप घातला, हार मागवले, आणि झेंडा दाखवायला एका मोठ्या माणसाला बोलावलं. ते यायला पन्नास मिनिटं उशीर झाला. तोपर्यंत दहा अंशांच्या थंडीत बनियनवर उभी असलेली पोरं कुडकुडत होती. मग भाषण. साडेसातच्या सुमारास सुटलेली शर्यत अकरापर्यंत उन्हात चालली, आणि ते सोळाव्या किलोमीटरचं पाणी त्या पन्नास मिनिटांच्या उशिरापायीच संपलं होतं. मंडपाचं बिल सगळ्या पाण्याच्या बिलाच्या चौपट होतं. तेव्हापासून मंडप नाही. झेंडा दाखवायला गावातली अंगणवाडी सेविका किंवा जुने व्यायामशाळेतले कुणी आजोबा असतात, जे सव्वासहालाच येऊन बसतात. ज्यांना मान द्यावाच लागतो त्यांना बक्षीस समारंभाला साडेनऊची वेळ द्या. उशीर झाला तरी पोहे खात वाट बघता येते. आणि पोहे तर्रीसकटच करा, नागपूरचे लोक त्याशिवाय जात नाहीत.

गावांना शर्यत आपली वाटली तर निम्मी कामं आपोआप होतात. महिनाभर आधीपासून मार्गावर सराव करा, म्हणजे कुत्र्यांना सवय होते. तरी प्रत्येक वस्तीत एक पोरगा बिस्किटाचा पुडा घेऊन उभा ठेवा. गावागावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं पहाटे उठलेलीच असतात. त्यांना आम्ही परतीच्या सोळाव्या किलोमीटरवर खंजिरी घेऊन बसायची विनंती केली. माणूस जिथे सोडून द्यायच्या बेताला येतो, तिथेच भजन ऐकू येतं. एका वर्षी दोन धावणारे तिथेच बसून अर्धं भजन म्हणून उठले. कटऑफमध्ये पोचले.

शेवटच्या धावणाऱ्यामागे एक माणूस सायकलवर आणि त्याच्यामागे छोटा हत्ती, ज्यांना थांबायचं त्यांना बसवायला. त्या सायकलवाल्यानं घाई करायची नाही, "चला चला" म्हणायचं नाही. तो दिसला की मागची टेबलं उचलायची, कोन गोळा करायचे, फक्कीवर पाणी मारायचं. शेवटचा माणूस आत येईपर्यंत कमान काढू देऊ नका. कमानवाल्याला दुसरीकडे जायची घाई असते, तेव्हा हे ठरवतानाच लिहून घ्या.

आणि सोमवारची सुट्टी काढून ठेवा. ग्लास, घमेली, सतरंज्या चार गावांतून आणलेल्या असतात. त्या ज्याच्या त्याला मोजून, धुवून, स्वतः नेऊन द्यायच्या. गेल्या वर्षी एका गावचे अकरा ग्लास कमी भरले. सरपंचबाई म्हणाल्या, "राहू द्या जी, पोट्ट्यांनी नेले असतीन." आम्ही आर्वीच्या भांडीबाजारातून बारा घेऊन दिले. या वर्षी त्यांनी न सांगता पाण्याचा टँकर उभा केला.